इटलीची शहरे कोणी निवडली?

मराठी वृत्तपत्रांतल्या युरोप सहलींच्या जाहिराती मी गेली पंधरा-सोळा वर्षे कापून ठेवतो. कंपन्या बदलतात, छायाचित्रे बदलतात, दिवसांचा आकडा बदलतो. इटलीच्या रकान्यातली नावे मात्र तीच राहतात : रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस. फार तर वेरोना किंवा मिलान 'बसमधून दर्शन' म्हणून येते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत इटलीची साठाच्या वर स्थळे आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्या देशातून आपण चारच गावे उचलतो, आणि सगळे तीच चार उचलतो. ही यादी कोणी केली?

प्रश्न सहल कंपन्यांपुरता असता तर मी तो दिवाळी अंकात आणला नसता. तो आपल्या प्रवासवर्णनांचाही आहे. प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना आपण लेखकाची शैली पाहतो, विनोद पाहतो, निरीक्षण सूक्ष्म आहे की वरवरचे ते पाहतो. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'बद्दल आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'बद्दल आपल्याकडे अशीच चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पण लेखक त्या गावाला गेलाच का, शेजारच्या गावाला का गेला नाही, हे कोणी विचारत नाही. जणू गावे आधीच ठरलेली असतात आणि लेखकाचे काम फक्त ती सुरेख लिहिण्याचे. मला वाटते, प्रवासवर्णन गावाच्या निवडीतच निम्मे लिहून झालेले असते. प्रस्तुत लेखात इटलीपुरता हा विचार करायचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी इटलीला गेलेलो नाही. राहुरीत माझे कृषी सेवा केंद्र आहे. दिवसा बियाणे-औषधे आणि रात्री वाचन, असा तीस वर्षांचा क्रम आहे. मी लिहितो आहे ते इटलीबद्दल कमी आणि मराठी माणसाच्या इटलीबद्दल जास्त.

यादी जुनी आहे आणि ती मुळात इंग्रजांची आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरातली मुले शिक्षण पुरे करायला युरोपच्या 'ग्रँड टूर'ला निघत. त्या फेरीचा कळस म्हणजे इटली. पुढे १८६४ मध्ये टॉमस कुकने आपली पहिली इटलीची सहल नेली आणि सरदारपुत्रांची वाट मध्यमवर्गाला तिकिटावर मिळू लागली. आपल्या जाहिरातींतली चार नावे त्या तिकिटाची वारस आहेत. पण त्या काळातही सौंदर्याची यादी काही अढळ नव्हती. गटे १७८६ मध्ये इटलीत उतरला तेव्हा रोमच्या ओढीने त्याने फ्लॉरेन्स अवघ्या तीन तासांत उरकले. असिसीला तो गेला, पण तिथे त्याने पाहिले ते मिनर्व्हाचे जुने रोमन देऊळ. आज ज्या बॅसिलिकेसाठी जगभरातून माणसे असिसीला जातात, तिच्याकडे त्याने पाठ फिरवली. गटेला डोळे नव्हते असे कोण म्हणेल? त्याच्या काळाला प्राचीन ते सुंदर वाटत होते, मध्ययुगीन ते अडाणी. पुढे रस्किनने 'स्टोन्स ऑफ व्हेनिस' लिहिले (१८५१ ते ५३) आणि मध्ययुगीन दगडांना मान आला. सुंदर शहर म्हणजे कोणीतरी आधी सुंदर म्हटलेले शहर, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण फार नाही.

मराठीत इटली आली कशी? पहिल्यांदा आली ती नाटकांतून, आणि येताना आपली गावे बाहेर ठेवून आली. शेक्सपिअरची किती नाटके इटलीत घडतात! 'ऑथेल्लो' व्हेनिसमध्ये सुरू होते, 'टेमिंग ऑफ द श्रू' पाडुआत, 'रोमिओ अँड ज्युलिएट' वेरोनात. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला, वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी श्रूची 'त्राटिका' केली, आणि पात्रांना देशी नावे देताना गावेही पुसली गेली. झुंझाररावाच्या मत्सराने घाबरलेल्या प्रेक्षकाला व्हेनिसशी काही देणेघेणे नव्हते. रूपांतर म्हणून हे उत्तमच झाले. पण त्यामुळे इंग्रज वाचकाच्या मनात वेरोना म्हटल्यावर जे हलते, ते आपल्या मनात हलत नाही. तरी आपण बसमधून उतरून ज्युलिएटची गॅलरी पाहतो. ती गॅलरी त्या घराला गेल्या शतकात, १९३०च्या दशकातल्या दुरुस्तीत बसवलेली आहे, आणि शेक्सपिअरच्या संहितेत तर गॅलरी हा शब्दही नाही.

मराठी वाचकाने इटलीचे पहिले गाव नावासकट मनावर घेतले ते, माझ्या मते, जिनोआ. कारण मॅझिनी. सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सरकारने जप्त केला. मॅझिनीची आत्मकथा सुरू होते ती जिनोआच्या रस्त्यावर. १८२१ च्या एप्रिलमधला रविवार. मुलगा आईबरोबर 'स्त्रादा नुओव्हा' म्हणजे नव्या रस्त्याने चालला आहे. एक उंच, काळ्या दाढीचा माणूस पांढरा रुमाल पुढे धरून इटलीच्या परागंदा देशभक्तांसाठी मदत मागतो. आई त्यात पैसे टाकते. मुलाच्या मनात देश हा विचार त्या दिवशी शिरतो. नाशिक-पुण्याच्या कितीतरी तरुणांनी चोरून हे वाचले असेल. त्यांच्यासाठी इटली सुरू होत होती ती या रस्त्यापासून. कालवे आणि मनोरे त्यांच्या गावीही नव्हते. गंमत अशी, की तो नवा रस्ता, ज्याला आज गॅरिबाल्डीचे नाव आहे, दोन्ही बाजूंच्या सरदारी वाड्यांमुळे २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सुंदर रस्ता हवा म्हणून शोधत गेले तरी तिथेच पोचता येते. पण मराठी सहल जिनोआला थांबत नाही.

पिसाला थांबते. दुपारी उतरायचे, कलत्या मनोऱ्याला हात लावल्यासारखा फोटो काढायचा, निघायचे. मॅझिनी वारला तो याच पिसात, १० मार्च १८७२ रोजी. ज्या इटलीसाठी जन्म घालवला ती एक झाली होती, पण राजाच्या छत्राखाली. त्यामुळे हा प्रजासत्ताकवादी स्वतःच्या देशात खोटे नाव घेऊन, ब्राऊन म्हणून राहत होता. त्या जागी आज त्याचे स्मारक आणि ग्रंथालय आहे. मनोऱ्यापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

डॉ. मुंजे यांचा विषय मी थोडक्यात सोडतो, कारण त्यांची निवड निवड म्हणून अगदी सरळ होती. १९३१ च्या मार्चमध्ये गोलमेज परिषदेहून परतताना ते रोमला थांबले, मुसोलिनीला भेटले, सैनिकी शाळा आणि मुलांच्या बालिल्ला संघटनेच्या संस्था पाहिल्या. त्यांच्या दैनंदिनीतले रोम हे कवायतीचे मैदान आहे. सहा वर्षांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल निघाले. ते काय पाहायला गेले होते याविषयी कोणाला शंका राहत नाही, आणि ते जे पाहून भारावले त्याचे पुढे काय झाले तेही जगाने पाहिले.

आता फ्लॉरेन्स. इथे मला थोडे रेंगाळायचे आहे.

कोल्हापूरच्या इतिहासात राजाराम नावाचे छत्रपती एकाहून अधिक आहेत, आणि त्यामुळे या राजारामाची नेहमी गल्लत होते. शिवाजी महाराजांचे पुत्र ते पहिले. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम १९४० मध्ये वारले. या दोघांच्या मधले राजाराम १८५० मध्ये जन्मले, १८६६ मध्ये गादीवर आले आणि १८७० मध्ये इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडणे तेव्हा किती अवघड मानले जाई ते सांगायला नको. त्यांनी प्रवासाची दैनंदिनी इंग्रजीत ठेवली. ती कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात वारले. वय वीस.

दहनाचा प्रश्न उभा राहिला. ख्रिस्ती युरोपच्या भर शहरात चिता रचायची, ही तेव्हा ऐकलेली गोष्ट नव्हती. एक योग असा, की १८६५ ते १८७१ या काळात इटलीची राजधानी फ्लॉरेन्सला होती. परवानगी देऊ शकणारे सगळे हात एकाच शहरात होते. परवानगी मिळाली. शहराच्या पश्चिम टोकाला, जिथे मुग्नोने नदी आर्नोला मिळते तिथे, रात्री चिता पेटली. बरोबरच्या मंडळींना संगम हवा होता आणि संगम सापडला. ज्या बागेत तो आहे तिचे नाव उच्चारात 'काशीने' असे ऐकू येते. अर्थ अगदी वेगळा, मेडिची घराण्याच्या दुभत्या जनावरांचे गोठे तिथे होते त्यावरून पडलेले नाव. पण मराठी कान तिथे अडखळल्याशिवाय राहणार नाही. त्या रात्री तिथे उभ्या असलेल्या कोल्हापूरच्या माणसांना हे नाव कसे ऐकू आले असेल, याची नोंद कुणी ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही.

१८७४ मध्ये तिथे स्मारक झाले. चार्ल्स फुलर या शिल्पकाराने घडवलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आणि वर छत्री. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे तेच मँट, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास यांचे आराखडे केले. म्हणजे कोल्हापुरात पर्यटक ज्या वास्तूसमोर फोटो काढतो, तिच्या रचनाकाराचे काम आर्नोच्या काठावरही आहे. १९७० च्या दशकात जवळच नदीवर मोठा पूल झाला, त्याला लोकांनी नाव दिले 'इंदियानो', हिंदी माणसाचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. इटालियन वाहतूक बातम्यांत कोल्हापूरच्या छत्रपतीचा असा अप्रत्यक्ष उल्लेख होत राहतो.

दैनंदिनीबद्दल समीक्षक म्हणून एक बोलले पाहिजे. ती परक्या भाषेत लिहिलेली, शिक्षकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या नजरेखालची, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून छापलेली आहे. तिच्यात महाराज कुठे बोलतात आणि कुठे त्यांच्याकडून अपेक्षित तेच बोलतात, हे वेगळे काढणे कठीण. गावोगावी काय पाहायचे हेही बहुतेक इतरांनी ठरवलेले. आणि शेवटचे शहर तर आजाराने निवडले. मराठी माणसाचे इटलीतले सर्वांत ठळक स्मारक जिथे आहे, ते शहर निवडून गाठलेलेच नाही. आणि आज निवडून फ्लॉरेन्सला जाणारा मराठी माणूस बहुधा त्या स्मारकापर्यंत पोचत नाही. मुख्य चर्चपासून ते चारपाच किलोमीटरवर आहे. सहलीच्या वेळापत्रकात फ्लॉरेन्सला अर्धा दिवस असतो.

न निवडता इटलीत पोचलेल्यांत सर्वांत मोठी संख्या सैनिकांची. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५० हजार हिंदी सैनिक इटलीत लढले, त्यांतले ५,७०० हून अधिक तिथेच राहिले. त्यांत मराठा पलटणी होत्या. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले बाकी सगळे मशीनगनने गेल्यावर एकट्याने ते ठाणे त्यांनी घेतले आणि मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ-स्मारक २०२३ मध्ये मोंतोने या डोंगरावरच्या छोट्या गावात उभे राहिले.

दुसरे नाव आमच्या नगर जिल्ह्यातले. निमजचे नामदेव जाधव, पहिली मराठा पलटण, कंपनीचे निरोप्या. ९ एप्रिल १९४५, रावेन्ना जिल्ह्यातली सेनिओ नदी. नदी म्हणजे आमच्या मुळा-प्रवरेपेक्षा अरुंद, पण दोन्ही काठांना पुराचे उंच बांध, आणि पलीकडचा बांध सुरुंगांनी पेरलेला. तुकडीवर मारा झाला, हे आणि दोन जखमी तेवढे उरले. जाधवांनी एकेकाला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांतून मागे आणले; मग पुन्हा पुढे जाऊन तीन मशीनगन ठाणी एकामागून एक बंद केली; आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हे सगळे आहे, रणगर्जनेसकट. ते परत आले, १९८४ पर्यंत जगले.

ते मानपत्र मी साहित्य म्हणून वाचतो. लष्करी इंग्रजीतला तो मजकूर कोरडा आहे, विशेषणे ठरावीक आहेत. पण पाणी किती खोल, चढ किती उभा, सुरुंग कुठे होते, हे त्यात इतके नेमके आहे की इटलीच्या एका जागेचे वर्णन म्हणून ते आपल्या बऱ्याच प्रवासवर्णनांना लाजवील. 'निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केली आहे' असले वाक्य त्यात येऊच शकत नाही.

सेनिओपासून फार दूर नाही असे फोर्ली. तिथे हिंदी सैन्याची युद्ध-दफनभूमी आहे आणि दहन झालेल्या साडेसातशेहून अधिक सैनिकांच्या नावांचे स्मारक. १८७० मध्ये एका राजाच्या चितेसाठी खास परवानगी काढावी लागली होती. पाऊणशे वर्षांनी त्याच देशात शेकडो साध्या माणसांच्या चिता पेटल्या. आणि जवळच रावेन्ना आहे, पाचव्या-सहाव्या शतकांतल्या काचतुकड्यांच्या चित्रांचे गाव, दान्तेची कबर असलेले गाव. सुंदर शहराची कुठलीही व्याख्या केली तरी रावेन्ना तिच्यात बसेल. आपल्या यादीत मात्र ते नाही.

या सगळ्या गोष्टी मराठी वाचकाला अजिबात माहीत नाहीत असे नाही. कोल्हापूरचे लोक त्यांच्या राजारामाला विसरलेले नाहीत, माणगाव तालुक्यात घाडग्यांचे स्मरण होते, मॅझिनी तर पाठ्यपुस्तकांतून गेला. अडचण अशी, की आपल्या ग्रंथालयांत ही पुस्तके चार वेगवेगळ्या कपाटांत असतात. संस्थानांचा इतिहास एका कपाटात, क्रांतिकारकांची चरित्रे दुसऱ्यात, युद्धकथा तिसऱ्यात आणि 'प्रवास' चौथ्यात. इटलीला जाणारा माणूस चौथे कपाट उघडतो.

चौथ्या कपाटात इटलीपुरते सर्वांत भरीव काम मीना प्रभूंचे. 'रोमराज्य' दोन भागांत आहे, आणि दोन भाग एकाच देशाला देणे ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. एक देश घ्यायचा, त्याचा इतिहास आधी वाचायचा, स्वतःच्या पायांनी हिंडायचे, स्वतः वाट आखायची आणि मग एक पुस्तक त्या देशाला द्यायचे, ही त्यांची रीत 'मेक्सिकोपर्व', 'तुर्कनामा', 'ग्रीकांजली' अशी चालत राहिली. त्यांच्या लेखनात माहितीचा भार कधी जास्त होतो, काही पाने मार्गदर्शकासारखी वाचावी लागतात. पण वाट त्यांची स्वतःची असते, आणि ती जबाबदारी त्या वाचकापासून लपवत नाहीत. त्यांच्यानंतर जी प्रवासवर्णने आली, त्यांतल्या अनेकांनी त्यांची पृष्ठसंख्या घेतली, सवड घेतली नाही. बारा दिवसांत सहा देश पाहून तीनशे पाने लिहिलेली पुस्तके माझ्याकडे भेट म्हणून येतात. त्यांतला इटलीचा भाग मी न उघडता सांगू शकतो : कोलोसियमपाशी गुलामांची आठवण, त्रेवी कारंज्यात नाणे, मनोऱ्याला टेकू, गोंडोल्याचे भाडे.

हा सगळा विचार कागदावर राहिला असता. पण गेल्या वर्षी इथल्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या सरांनी तो व्यवहारात आणला. त्यांना आणि बाईंना आयुष्यात एकदा परदेश करायचा होता. मुलाने अर्धे पैसे घातले होते, अर्धे त्यांचे साठवलेले. सहा देशांऐवजी फक्त इटली करायची, दहा रात्री, आणि गावे आपण निवडायची, इतके त्यांनी ठरवले होते. दुकानात बसून त्यांनी विचारले, "तुम्ही एवढं वाचता, मग सांगा, कुठली गावं?"

मी वरची यादी दिली : जिनोआ, पिसा, फ्लॉरेन्सची ती बाग, रावेन्ना, फोर्ली. सरांना ती पसंत पडली. बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या यादीत सगळी मेलेली माणसं आहेत. मला पाण्यातलं गाव बघायचं आहे."

हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्या माणसांच्या खुणा शोधत हिंडणे हीसुद्धा एक ठरावीक वाट होऊ शकते, आणि तीत परका देश केवळ आपल्या स्मारकांची जागा म्हणून उरतो. व्हेनिस पाहायला मराठी कारण लागत नाही. लाकडी खुंट चिखलात ठोकून त्यावर दगडी शहर उभे करणाऱ्या माणसांचे काम पाहायचे, हे कारण कोणालाही पुरे. ते शहर आता पाहुण्यांनीच दमले आहे. जुन्या बेटांवरची वस्ती ५० हजारांच्या खाली आली, आणि २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी नुसते दिवसापुरते येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेणे सुरू झाले. मी इतकेच सुचवले, की जायचे तर रात्री राहा. दिवसाचे पाहुणे गेले की गाव गावासारखे होत असेल.

पाण्याचा विषय निघाल्यावर सरांनी त्यांच्या मनातले सांगितले. त्यांची सगळी नोकरी पाटपाण्यात गेली. मुळा धरणाचे २६ टीएमसी पाणी कुठे किती जाते हे त्यांना तोंडपाठ. मी कपाटातून काढून त्यांना एका जुन्या अहवालाचे टिपण दाखवले. कॅप्टन बेअर्ड स्मिथ या बंगाल इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीने इटलीतले शेतीचे कालवे पाहायला धाडले होते. 'इटालियन इरिगेशन' हा त्याचा ग्रंथ १८५२ मध्ये आला. हा माणूस हिंदुस्थानातून इटलीत गेला आणि पिडमाँट-लोंबार्डीचे पाट पाहत हिंडला. पाणी मोजायचे कसे, वाटायचे कसे, शेतकऱ्यांनी आपसांत हक्क कसे ठरवले, हे लिहीत राहिला. हिंदुस्थानात मोठे कालवे खोदले जात असतानाचा तो काळ. आमच्या भागात प्रवरेचे पाट येऊन भंडारदरा पुरे व्हायला १९२६ उजाडले. बेअर्ड स्मिथनंतर काही वर्षांतच, १८६३ ते १८६६ मध्ये, इटालियनांनी पो नदीचे पाणी व्हर्चेल्ली-नोव्हाराच्या भातशेतीला नेणारा कावूर कालवा खोदला. लांबी ८० किलोमीटरच्या वर. तो अजून वाहतो. एप्रिल-मे महिन्यांत तिथली भाताची खाचरे पाण्याने भरतात, मागे आल्प्सची बर्फाची रांग दिसते, आणि लोक त्या मुलखाला चौकड्यांचा समुद्र म्हणतात.

बाईंनी हे ऐकले आणि विचारले, "म्हणजे हेही पाण्यातलंच गाव की?" त्या व्हर्चेल्लीला तयार झाल्या, सर व्हेनिसला. जायचे मे महिन्यात ठरले.

मग आम्ही तिघांनी नकाशा पसरला. मिलानला दोन रात्री, त्यांतला एक दिवस रेल्वेने व्हर्चेल्ली आणि कालवा. व्हेनिस दोन रात्री. बोलोन्याला गाडी बदलून रावेन्ना, तिथे एक रात्र, वाटेत फोर्ली. फ्लॉरेन्स तीन रात्री, कारण चित्रे पाहायला बाईंना घाई नको होती आणि संगमावर सरांना संध्याकाळी जायचे होते. त्यांतच पिसाची एका दिवसाची फेरी, मनोरा आणि मॅझिनीचे घर. शेवटी रोम दोन रात्री. रोमला दोन रात्री कमी आहेत हे तिघांनाही कळत होते. कोणी म्हणेल की रोमचे दिवस व्हर्चेल्लीला देणे हा वेडेपणा आहे. सर म्हणाले, कोलोसियम टीव्हीवर पुष्कळ वेळा पाहिलं, पाटाचं वक्र दार कधी कोणी दाखवलं नाही.

जिनोआ बसवायचा आम्ही फार प्रयत्न केला. पिसाहून उत्तरेला जाऊन पुन्हा रोमला यायचे म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत जात होता, आणि सरांच्या गुडघ्यांचा विचार करावा लागला. पेन्सिलीने लिहिलेले ते नाव बाईंनीच खोडले. नकाशा अजून दुकानात आहे. खोडलेले नाव वाचता येते.